मोटर कोमट, मोजे ओले

आजोबा खाली उतरले. मोटर चालली, ताई जिंकली आणि आजोबा चौथ्या मजल्यावरून थेट तळमजल्यावर आले.

आता हे मी लिहिलंच नाही असं समजू या. तुम्हीही वाचलेलं नाही. कुणी विचारलं तर सांगा, आजोबा अजून वरच आहेत आणि मोटरचं काय होणार हे कुणालाच ठाऊक नाही. कबूल? चला तर मग.

आजोबा वरच होते. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून ते आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरातून खाली आलेले नव्हते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आणि आजोबा आयुष्यभर लिफ्टमन होते. यातला विनोद सगळ्यांना कळतो, म्हणून तो कुणी करत नाही. एका मोठ्या कचेरीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून त्यांनी साहेबलोकांना वर नेलं, साहेबलोकांना खाली आणलं आणि रोज संध्याकाळी घरी येऊन चार मजले पायी चढले. वरच्या मजल्यावर घर घेण्याचा निर्णयही त्यांचाच. म्हणाले, "आपल्याला खालच्या मजल्यावर राहायची सवय नाही."

गुडघे गेल्याचं दुःख त्यांना फारसं नव्हतं. त्यांचं दुःख वेगळं होतं, आणि ते तळमजल्यावर लोकांचे केस कापत बसलेलं असायचं.

तळमजल्यावर न्हाव्याचं दुकान आहे. हा न्हावी आजोबांचा जुना दोस्त. आजोबा त्याला वस्तऱ्या म्हणतात, तो आजोबांना लिफ्ट म्हणतो. पूर्वी दोघं त्या दुकानात बुद्धिबळ खेळायचे. आता आजोबा खाली येऊ शकत नाहीत आणि वस्तऱ्याच्या कमरेला जिना सोसत नाही. म्हणून दोघांनी दोन पट मांडले, एक वर, एक खाली, आणि जिन्याच्या मधल्या पोकळीतून ओरडून खेळायला सुरुवात केली. इमारतीत कुणाला घड्याळ लागत नाही. घोडे ओरडायला लागले की सकाळ झाली.

"वस्तऱ्या! माझा उंट तुझ्या हत्तीवर!"

"बरं! माझा वजीर तुझं प्यादं खातो!"

"कुठला वजीर? तुझा वजीर मी परवा मारला!"

"मारला होतास! मग माझं प्यादं पार टोकाला गेलं, नवा वजीर झाला!"

"कधी गेलं?"

"तू जेवायला गेलास तेव्हा!"

खाली अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक फेस सुकवत बसलेलं. वर आजोबा कठड्याला धरून थरथरतात, म्हाताऱ्या अंगाने नव्हे, संतापाने.

मला त्यांनी एकदा पाहणीला पाठवलं होतं. वस्तऱ्याने पटावर टॉवेल टाकला आणि म्हणाला, "केस पडतात." मी वर येऊन सांगितलं, "पट दिसला नाही, आजोबा, पण माणूस चांगला आहे." आजोबा म्हणाले, "तुझे केस तो फुकट कापतो. तुझी साक्ष चालणार नाही. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

म्हणजे मागणी साधी होती. चार मजले खाली, एक नजर पटावर.

आता ताई. ताई माझी मोठी बहीण, आणि ती मोठी आहे हे मी विसरेन अशी भीती तिला सतत वाटत असते. ती मोटरी बनवते. म्हणजे कागदावर ती बनवते, मग कारखान्यातले लोक प्रत्यक्षात बनवतात आणि मग ती त्या जाळते. आमचा कारखाना जिना चढणाऱ्या खुर्च्या करतो. खाली रबरी पट्टे, वर बसायची जागा, मागे वजनं ठेवायची फळी, हाताशी एक दांडी. दांडी पुढे ढकलली की खुर्ची पायऱ्या चढते, मागे ओढली की उतरते. मीही त्याच कारखान्यात आहे. मी डमी बनवतो. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण तिथे थोडं कौतुक करून घ्यायचंय.

कारखान्याकडे एक मोटर आधीच होती. चांगली, दणकट, भोपळ्याएवढी. ती लावली की खुर्ची कुठल्याही रुंद जिन्यावर राणीसारखी चढायची. आमचा जिना रुंद नाही. आमचे साहेब एकदा स्वतः त्या खुर्चीत बसून आमच्या इमारतीत आले, तर पहिल्या मजल्याच्या वळणावर अडकले ते अडकलेच. खुर्ची पुढे जाईना, मागे येईना. लोक "माफ करा" म्हणत त्यांच्या अंगावरून ये-जा करत होते. कुणीतरी त्यांच्या मांडीवर थोडा वेळ पिशवी ठेवली. साहेब सुटले तेव्हा म्हणाले, "पण खुर्ची आरामशीर आहे."

साहेबांचं प्रत्येक वाक्य 'पण'नेच सुरू होतं, आधी कुणी काही बोललेलं नसलं तरी. कारखान्यात त्यांना पण-साहेब म्हणतात. समोर नाही अर्थात. समोर साहेब म्हणतात, पण मनात.

ताईने त्या दिवशी वळणावर फूटपट्टी लावली आणि सांगितलं, मोटर ओंजळीत मावेल एवढी हवी. ताकद मात्र भोपळ्याएवढीच.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. मग ताईने समजावलं. लहान मोटरकडून मोठं काम करून घ्यायचं तर ती फार वेगाने फिरवावी लागते आणि तिच्या तांब्यातून खूप वीज रेटावी लागते. वीज रेटली की तांबं तापतं. मोठ्या मोटरला अंग असतं, त्यावरून वारा जातो, उष्णता निघून जाते. लहान मोटरला अंगच नसतं. सगळी उष्णता आत कोंडून बसते. आतली चुंबकं फार तापली तर आपण चुंबक आहोत हेच विसरतात, आणि पुन्हा आठवण करून दिली तरी त्यांना नीट आठवत नाही.

ताईची पहिली मोटर पेटली. तिला आम्ही शेगडी म्हणतो. दुसरीतून फक्त वाफ आली, ती इस्त्री. तिसरी काही न बोलता गेली, पण जाताना पावाचा वास सोडून गेली, म्हणून टोस्टर. चौथीला नाव नाही. ताई म्हणाली, "नावं जळालेल्यांना द्यायची. ही जळणार नाही."

चौथीत तिने दोन गोष्टी केल्या. गोल तारा काढून टाकल्या. गोल तारा कितीही दाबून भरल्या तरी मध्ये फटी राहतात. त्याऐवजी तांब्याच्या चपट्या पट्ट्या बसवल्या, कपाटात पुस्तकं लावतात तशा, एकीला एक चिकटून. तेवढ्याच जागेत जास्त तांबं बसलं. दुसरी गोष्ट तिला कुत्र्याने शिकवली. आमच्या कारखान्याच्या दारात एक कुत्रा असतो. पहारेकऱ्याने त्याला नळाखाली धुतलं आणि त्याने ताईशेजारी उभं राहून अंग झाडलं. नखशिखांत भिजलेली ताई जागची हलली नाही. डोळे मिटून म्हणाली, "मधून बाहेर. सगळीकडे. सारखं." आणि तशीच ओलेत्याने टेबलाशी जाऊन चित्र काढायला लागली.

मोटरच्या मधोमध फिरणारा दांडा असतो. तो तिने पोकळ केला, त्यातून तेल सोडलं आणि त्याला बारीक भोकं पाडली. दांडा फिरला की तेल कुत्र्याच्या पाण्यासारखं चहूकडे उडतं, तापलेल्या तांब्यावर पडतं, उष्णता घेतं, बाहेर जाऊन गार होतं आणि परत येतं. पण-साहेब म्हणाले, "पण कुत्र्याचं नाव चित्रावर टाकता येणार नाही." कुत्र्याने हरकत घेतली नाही.

आता माझी पाळी. नवी मोटर खुर्चीत नीट बसते का, नळ्या-वायरी वळतात का, हे बघायला खरी मोटर वापरत नाहीत. तिची डमी करतात. ताईचं म्हणणं, डमी खोटी असली तरी प्रामाणिक हवी. मी फार प्रामाणिकपणे केली. तेच कवच, तोच रंग, तीच जोडणी. आत वाळू आणि शिशाचे छर्रे भरून वजन काट्याला काटा जुळवलं. एवढ्यावर थांबलो असतो तर सामान्य माणूस ठरलो असतो. खऱ्या मोटरचा दांडा हाताने फिरवला की चुंबकांमुळे तो अडखळत फिरतो, टक-टक-टक. मी डमीतही चार चुंबकं बसवली. टक-टक-टक. कुणी सांगितलं नव्हतं. प्रेमाने केलं.

परीक्षेचा दिवस ठरला. बाहेरून एक परीक्षक बाई येणार होत्या, आणि लहान मोटर घ्यायची की भोपळाच पुढे चालू ठेवायचा हे त्यांच्या एका शब्दावर होतं. भोपळा म्हणजे रुंद जिनेवाल्यांची सोय. अरुंद जिनेवाल्यांनी वरच राहायचं. आजोबांनीही. सकाळी कारखान्यात खऱ्या मोटरची परीक्षा. पूर्ण वजन ओढत ती तासभर फिरवायची, लाल दिवा लागला तर नापास. मग दुपारी आमच्या इमारतीत जाऊन बाईंनी बघायचं की डमी बसवलेली खुर्ची वळणावर मावते.

म्हणून आदल्या संध्याकाळी ताईने कारखान्यातल्या फळीवरची डमी उचलली आणि आम्ही ती घरी, चौथ्या मजल्याच्या जिन्यापाशी, खुर्चीत बसवली. ताईला अर्धवट काम बघवत नाही. तिने वायरी जोडल्या, तेलाच्या नळ्या जोडल्या, नळ्यांत तेल भरलं. बॅटरीही लावली, कारण बॅटरीशिवाय खुर्चीचा तोल जातो.

आजोबा दारातून बघत होते. "बसू का?"

"बसा ना. बसायलाच आहे. फक्त काही दाबू नका."

"दाबलं तर?"

"काही होणार नाही, आजोबा. आत वाळू आहे."

"मग दाबायला काय हरकत?"

ताईने विचार केला. ती शास्त्रज्ञ आहे, खोटं बोलत नाही. "तशी हरकत काही नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कारखान्यात पोचलो. परीक्षक बाई वेळेआधीच येऊन बसल्या होत्या. पांढरे आखूड केस, गळ्यात चष्मा, चेहरा असा की यांना कुणी वाढदिवसाला अचानक गाठलं तर त्या ओळखपत्र मागतील. मोटर परीक्षेच्या बाकावर घट्ट आवळली. नळ्या लागल्या, वायरी लागल्या. ताईने हात पुसले, फोन बंद करून खिशात टाकला आणि कळ दाबली.

काही झालं नाही.

स्क्रीनवर अक्षरं आली: मोटर सापडत नाही.

"पण ती समोर आहे," पण-साहेब स्क्रीनला म्हणाले.

स्क्रीन आपल्या मतावर ठाम होती. ताईने वायरी काढून परत लावल्या. मोटर सापडत नाही. वायरी बदलल्या. मोटर सापडत नाही. तिने दांडा हाताने फिरवला. टक-टक-टक. "चुंबकं तर ठीक आहेत," ती पुटपुटली, आणि तिच्या कपाळावर घाम दिसला. मी चार पावलांवर उभा होतो. माझी नजर त्या मोटरवर होती. आणि मला काहीही कळलं नाही. स्वतःच्या हातांनी केलेली डमी मला ओळखू आली नाही. कलावंताच्या आयुष्यात असा क्षण एकदाच येतो, आणि तेव्हा बहीण रडायच्या बेतात असल्यामुळे त्याचा आनंद घेता येत नाही.

"उघडून बघू या," परीक्षक बाई म्हणाल्या.

ताईने मोटर स्वच्छ पांढऱ्या टेबलावर ठेवली आणि झाकणाचे स्क्रू काढले. झाकण उचललं. आतून वाळू आली. आधी थोडी, मग मनमोकळेपणाने. टेबलावर ढीग झाला, ढिगावरून छर्रे टणटण घरंगळत जमिनीवर गेले. शेवटी माझी चार चुंबकं बाहेर आली आणि जवळचा स्क्रू-ड्रायव्हर पकडून बसली.

सगळे वाळूकडे बघत राहिले. परीक्षक बाईंनी चष्मा लावला, वाळू चिमटीत घेतली, बोटांवर चोळली.

"सिलिकॉनचं प्रमाण जास्त दिसतंय," त्या म्हणाल्या.

मोटरच्या पत्र्यात सिलिकॉन जरासं घालतात. वाळूत ते ठासून भरलेलं असतं. हा त्यांचा विनोद होता की निष्कर्ष, हे आजही कुणी सांगू शकत नाही.

"पण मग भोपळाच ठरवू या," पण-साहेब खिशातलं पेन काढत म्हणाले. "पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

ताईचा चेहरा पडला. तिने वाळूत बोट घातलं आणि उगाच एक रेघ ओढली. मला माहीत होतं ती काय बघतेय. ती पहिल्या मजल्याचं वळण बघत होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई.

"अरे, ताईचा फोन का बंद आहे? मी मघापासून लावतेय. ती खुर्ची थांबवायची कशी ते सांग. तुझे आजोबा माझं ऐकत नाहीत."

"आई, खुर्ची चालत नाही. आत वाळू आहे."

"वाळू आहे ना? मग ती वाळू आत्ता तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं बुटांचं कपाट घेऊन खाली गेली."

मी फोन ताईच्या कानाला लावला. ताईने ऐकलं. मग विचारलं, "किती वेळ चालतेय?" पुन्हा ऐकलं. "थांबलीच नाही? मधे एकदाही?" मग श्वास घेतला. "आई, आजोबांच्या हाताशी एक छोटा दिवा आहे. कुठल्या रंगाचा लागलाय?"

फोनमधून आईचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "हिरवा! सकाळपासून हिरवाच! बाई गं, दिव्याचं काय घेऊन बसलीस, म्हातारा माणूस तहान-भूक विसरून वर-खाली करतोय!"

ताई मटकन जमिनीवर बसली, वाळूतच. आणि हसायला लागली. आधी हळू, मग असं की दारातला कुत्रा आत बघायला आला. आयुष्यात एकही स्क्रू चुकीच्या भोकात न घालणाऱ्या माझ्या बहिणीने फळीवरून चुकीची मोटर उचलली होती. आणि मी ती चूक करता येईल इतकी चांगली सोय करून ठेवली होती.

"पण मग ही कोण?" पण-साहेबांनी ढिगाकडे बोट दाखवलं.

"ही माझी," मी म्हणालो. थोडा ताठ उभा राहून.

परीक्षक बाईंनी पिशवी उचलली. "परीक्षा सुरू आहे असं दिसतं," त्या म्हणाल्या. "आपणच उशिरा पोचतोय. चला."

आमच्या इमारतीच्या दारात टाकाऊ सामानाचा डोंगर झाला होता. जुनी वर्तमानपत्रं, पाय तुटलेलं टेबल, एक बंद पडलेला रेडिओ, काकूंचं बुटांचं कपाट. वर्षानुवर्षं 'कधीतरी खाली न्यायचंय' म्हणून साठवलेलं सगळं इमारतीने एका सकाळीत खाली पाठवलं होतं. आणि जिन्यावरून आवाज आला.

"पहिला मजला! पाय, पिशव्या आणि बोटं सांभाळा! पहिला!"

खुर्ची वळणावरून आली. जिथे पण-साहेब अडकले होते, बरोबर तिथून, भिंतीला न घासता, कठड्याला न टेकता, दोन्हीकडे बोटभर जागा राखून वळली. खुर्चीत आजोबा. अंगात घरचाच सदरा, पण डोक्यावर लिफ्टमनची जुनी टोपी. पाठ ताठ, नजर समोर, हात दांडीवर. मागच्या फळीवर एक गुंडाळलेली गादी. मोटरचा आवाज म्हणाल तर समाधानी मांजराचा.

ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे ठसे उमटले.

"आजोबा!" ती ओरडली. "तुम्ही दाबलंत!"

"तूच म्हणालीस हरकत नाही," आजोबा म्हणाले. "वाळू चांगल्या प्रतीची आहे. तळमजला!"

परीक्षक बाई पुढे झाल्या. "मला मोटर तपासायची आहे."

"रांगेत या," आजोबा म्हणाले. "यांचा नंबर आधी."

काकू खरंच रांगेत होत्या, हातात कुंडी घेऊन. बाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर आला तशा त्या मागच्या फळीवर चढल्या, खुर्चीची पाठ धरली आणि आजोबांबरोबर चार मजले वर गेल्या. वाटेत त्यांनी तापमान मोजायची नळी मोटरला लावली. खुर्ची खाली आली तेव्हा चेहरा तसाच होता, पण केस थोडे विस्कटले होते.

"बॅटरी अजून संपली कशी नाही?" त्यांनी ताईला विचारलं.

ताईने सामानाच्या डोंगराकडे बघितलं आणि तिचे डोळे चमकले. "खाली येताना वजनच मोटरला फिरवतं. तेव्हा मोटर वीज खात नाही, बनवते, आणि ती बॅटरीत परत जाते. हे लोक वर जाताना बहुतेक वेळा आजोबांना एकटं पाठवतात आणि खाली येताना मागे कपाट लावतात. सगळी इमारतच बॅटरी भरतेय."

"आणि उष्णता?"

ताई उत्तर देणार तोच काकू मधे पडल्या. कधीपासून त्यांना तक्रार करायची होती.

"उष्णतेचं नावच काढू नका! मोटर आहे म्हणून मी आमच्या ह्यांचे मोजे धुऊन वर ठेवले, म्हटलं वाळतील. सकाळपासून ठेवलेत. हे बघा!" त्यांनी मोटरवरून दोन मोजे उचलले आणि पिळून दाखवले. पाणी टपकलं. "मोटर म्हणे! आमची जुनी शिलाई मशीन हिच्यापेक्षा जास्त तापायची!"

परीक्षक बाईंनी मोजे हातात घेतले. मोटरला हात लावला. बराच वेळ तसाच ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात. मग म्हणाल्या, "कोमट."

तो एक शब्द. ताईच्या शेगडीचं, इस्त्रीचं आणि टोस्टरचं सार्थक त्या एका शब्दात झालं.

"पूर्ण वजन, परीक्षेच्या कितीतरी पट वेळ, वळणावर अडथळा नाही, दिवा हिरवा, मोजे ओले," बाई म्हणाल्या. "लहान मोटर मंजूर. माझ्याकडून एकच सूचना. पुढच्या वेळी डमी थोडी वाईट बनवा."

माझ्या कामाची एवढी जाहीर स्तुती आजवर कुणी केलेली नाही.

सगळे पण-साहेबांकडे वळले. पण-साहेबांनी ओंजळीएवढ्या मोटरकडे बघितलं, मग त्या वळणाकडे बघितलं, जिथे त्यांच्या मांडीवर कुणीतरी पिशवी ठेवली होती.

"पण," ते म्हणाले.

आम्ही वाट बघितली. पुढे काही आलं नाही. जिन्यावर टाळ्या पडल्या. ताईला काकूंनी मिठी मारली, मोज्यांसकट. कुणीतरी वरून जुनी वर्तमानपत्रं फाडून तुकडे उधळले, आणि ते आजोबांच्या टोपीवर पडले. आजोबांनी टोपी झटकली आणि पुन्हा ओरडले, "वर जाणारे कोण?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आजोबा सकाळपासून कितीतरी वेळा तळमजल्यावर आले होते, पण खुर्चीतून एकदाही उतरले नव्हते. न्हाव्याचं दुकान समोर, दहा पावलांवर. दारात वस्तऱ्या उभा, हातात कात्री, कमरेवर हात. दोघं एकमेकांकडे बघत होते.

"आजोबा," मी हळूच म्हणालो, "पट."

"ड्यूटीवर आहे," आजोबा म्हणाले. "लिफ्ट सोडून जाता येत नाही. लोक वर अडकतात."

ताईला कळलं. तिने पुढे होऊन अगदी गंभीरपणे सांगितलं, "ड्यूटी बदलली. पुढची पाळी साहेबांची."

आजोबांनी पण-साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जसा नव्या उमेदवाराला न्याहाळतात. मग टोपी काढली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. "मजला नेहमी मोठ्याने सांगायचा. आणि म्हाताऱ्यांना आधी." पण-साहेब निमूटपणे खुर्चीत बसले.

आणि आजोबा खाली उतरले. आता हे वाक्य वाचायला हरकत नाही.

माझ्या खांद्यावर एक हात, ताईच्या खांद्यावर एक हात. पहिलं पाऊल जपून, दुसरं त्याहून जपून, मग मात्र भराभर. वस्तऱ्या दारातून बाजूला झाला नाही.

"टॉवेल काढ," आजोबा म्हणाले.

"इतक्या दिवसांनी भेटतोयस. आधी बस तरी."

"टॉवेल."

वस्तऱ्याने टॉवेल काढला. पटावर आजोबांच्या पांढऱ्या सोंगट्या जिथल्या तिथे होत्या. काळ्या बाजूला राजा, हत्ती, दोन प्यादी. आणि दोन वजीर. त्यातला एक वजीर म्हणजे दाढीनंतर लावायच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण होतं.

"हे काय आहे?" आजोबांनी विचारलं.

"वजीर."

"यावर लिंबाचं चित्र आहे!"

"लिंबांचा वजीर," वस्तऱ्या म्हणाला.

आजोबांनी ते झाकण उचललं, उजेडात धरलं आणि दुकानभर फिरवून दाखवलं. गिऱ्हाइकांना, ताईला, मला, आरशातल्या स्वतःलाही. असा आनंदी चेहरा मी त्यांचा पूर्वी पाहिला नव्हता, नंतरही नाही. "मी म्हणत होतो की नाही! म्हणत होतो की नाही मी!"

"एवढ्यासाठी चार मजले उतरलास?" वस्तऱ्या म्हणाला. मग त्याने मोठ्याने नाक शिंकरलं.

"एवढ्यासाठीच," आजोबा म्हणाले आणि त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले. "मांड नव्याने. आणि माझे केस काप. तुझ्या टॉवेलखाली आणखी काय काय आहे ते मला इथूनच बघायचंय."

बाहेर जिन्यावरून आवाज आला, "पण दुसरा मजला!"

मोटरला अजून नाव नाही. ताई म्हणते, ठेवायची वेळच येणार नाही.

आजोबांनी दुसऱ्याच दिवशी मला समोर बसवून खालील मजकूर सांगितला. तो मी योग्य त्या कार्यालयाकडे पाठवला आहे.

प्रति, मा. मुख्य अधिकारी, उद्वाहन तपासणी विभाग. विषय: जिन्यास लिफ्टचा दर्जा देणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आमच्या इमारतीचा जिना आता वर-खाली नेण्याचे काम करीत असल्याने त्याची नोंद लिफ्ट म्हणून करण्यात यावी, अर्जदाराची सेवानिवृत्ती पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करून त्यांस सदर जिन्यावर लिफ्टमन म्हणून रुजू करून घ्यावे, पितळी बटणांचा गणवेश व नवीन टोपी द्यावी (जुनी टोपी एका साहेबांनी परत केलेली नाही), आणि लिफ्टच खुर्ची असली तरी नियमाप्रमाणे एक स्टूलही मंजूर करावे. तसेच ड्यूटीच्या वेळेत तळमजल्यावरील केशकर्तनालयात एकापेक्षा अधिक वजीर आढळल्यास ते जागीच जप्त करण्याचे अधिकार अर्जदारास बहाल करण्यात यावेत, ही नम्र विनंती.